न उतरणारी बॅटरी

१

बॅटरीच्या धंद्यात तक्रारी दोनच असतात. एक, बॅटरी लवकर उतरते. दोन, बॅटरी चढतच नाही. वीस वर्षांत मी तिसरी ऐकली नव्हती. म्हणून त्या सकाळी धाकट्या मावशींचा फोन आला तेव्हा आधी वाटलं, मीच काहीतरी चुकीचं ऐकतेय.

"ढापणे, आमची बॅटरी बघून जा गं. उतरतच नाहीये."

"मग चांगलंच आहे की, मावशी."

"चांगलं काय त्यात? दोन तास वीज नसते. मी पंखा लावते, दिवा लावते. आणि वीज येते तेव्हा बॅटरी आधीपेक्षा जास्त भरलेली असते. इन्व्हर्टरवर दोन हिरवे दिवे असतात, त्याचे चार झालेले असतात. तूच सांग, घागरीतून पाणी काढल्यावर घागर भरते का?"

मला ढापणी म्हणणाऱ्या आता त्या एकट्याच उरल्या आहेत. सहाव्या वर्षी मला जाड भिंगांचा चष्मा लागला, तेव्हा धाकट्या मावशी आणि त्यांच्या दोन मोठ्या बहिणींनी मिळून ठेवलेलं हे नाव. आता त्या चष्म्यावर मी अॅसिडपासून डोळे वाचवायचा चष्मा चढवते, म्हणजे दुहेरी ढापणी.

दुकान मूळचं बाबांचं. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. त्र्याऐंशी वर्षांचे आहेत, डोळ्यांनी अधू झालेत, पण कान अजून मांजराचे. दाराशी खुर्ची टाकून बसतात. आतल्या फळ्यांवर बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या असतात, त्यांची बारीक बुडबुड ऐकून सांगतात, "चौथी झाली बघ. काढ, नाहीतर पाणी आटेल." इन्व्हर्टरची घूंघूं ऐकून त्यावर पंखा चाललाय की टीव्ही, हे ओळखणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मी फोनबद्दल सांगितलं. ते हसले.

"धाकटी म्हातारी झाली. दिवे मोजायला चुकली असेल."

मलाही तसंच वाटलं. गाडीत अवजारं टाकली आणि निघाले.

२

त्या घरात मी किती तास काढलेत याचा हिशेब नाही. तिघी बहिणी शिवणकाम करायच्या. लग्न कुणीच केलं नाही. साऱ्या गल्लीच्या त्या मावश्या. खरी नावं कागदोपत्री असतील तेवढीच, आम्हाला थोरली, मधली आणि धाकटी.

शाळा उघडायच्या आधीच्या महिन्यात त्यांच्या पायरीवर मुलांची रांग लागायची. पुढच्या खोलीत एका ठेंगण्या स्टुलावर आम्हाला उभं करायचं. थोरली टेप लावून आकडे ओरडायची, मधली वहीत लिहायची, आणि धाकटी खडूचा तुकडा कानावर ठेवून आमची खोडी काढायची. "हिची उंची वाढलीय का चष्म्याची?" नव्या कापडाचा खळीचा वास, मशीनच्या तेलाचा वास, बटणांनी भरलेले पत्र्याचे डबे. एखादा डबा उपडा झाला की आम्ही दिवसभर फरशीवर बटणं वेचत बसायचो, आणि वेचून झाली की तो पुन्हा कुणाकडून तरी उपडा व्हायचा. मुद्दामच, हे तिघींना ठाऊक असणार.

मागच्या खोलीत तीन मशीनं ओळीने. प्रत्येकीला मोटर, पायाशी पेडल, सुईपाशी छोटा दिवा. तेव्हा वीज रोज जायची, तीही दुपारची. शिवण अर्ध्यात थांबायची आणि तिघी दारात येऊन पदराने वारा घेत बसायच्या. मग एके वर्षी बाबांनी जिन्याखाली इन्व्हर्टर बसवला. मी तेव्हा चौदा वर्षांची, बाबांच्या हातात नट आवळायचे पाने देत होते. पहिल्या दिवशी वीज गेली तेव्हा गल्ली अशी गप्प झाली की झाडाचं पान पडलं तरी ऐकू यावं. आणि त्या शांततेत फक्त तीन मशीनं चालू होती. लोक घराबाहेर येऊन ऐकत उभे राहिले होते.

थोरली एका दमात लांबलचक शीव मारायची. मधली थोडं शिवायची, थांबायची, दातांनी दोरा तोडायची. डोळे मिटूनही कळायचं, कोण शिवतंय.

थोरलीला जाऊन नऊ वर्षं झाली. मधलीला चार.

३

"ये. चहा टाकू का आधी?" धाकट्या मावशींनी दार उघडलं. सत्तर ओलांडलेली बाई, पण अजून पाठीत ताठ. मी आधी काम म्हटलं.

मागची खोली उघडीच होती. तिन्ही मशीनांवर जुन्या चादरी. वायरी गुंडाळून पेडलवर ठेवलेल्या. डोळे साथ देईनात म्हणून मावशींनीही दोन वर्षांपूर्वी शिवणं सोडलं होतं.

जिन्याखाली वाकून बसले. मी नेहमीच्या क्रमाने जाते, त्यात बदल करत नाही. हातातली अंगठी काढायची. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. खिडकी उघडी. इन्व्हर्टर बंद. मग आधी काळी वायर सोडायची, नंतर लाल. लावताना उलटं, आधी लाल, मग काळी. बाबांनी हे मला पाढ्यांसारखं पाठ करून घेतलं होतं.

बॅटरीवर बाबांच्या अक्षरातली तारीख होती. अकरा वर्षांपूर्वीची. अशी बॅटरी फार तर सहा-सात वर्षं जगते. झाकणं फिरवून काढली आणि टॉर्च मारून आत डोकावले. प्लेटांवर पांढरा थर चढलेला, जुन्या माठावर क्षार चढतात तसा. अॅसिड मोजायची काचेची नळी बुडवली. भरलेल्या बॅटरीत बाराशे पन्नासच्या आसपास आकडा येतो. इथे सहाही खणांत अकराशे तीस.

म्हणजे मेलेली. एक दिवा पाच मिनिटं लागला तरी नशीब.

"मावशी, काल दुपारी पंखा किती वेळ चालला?"

"दोन ते चार. रोजचाच वेळ आहे ना. खांब बदलतायत म्हणे, महिनाभर दोन ते चार वीज नाही."

"पूर्ण दोन तास?"

"अगं, चारला मीच बंद केला. थंडी वाजायला लागली."

मी पुन्हा नळी बुडवली. अकराशे तीस. मनात म्हटलं, शेजारच्या घराची वायर कुठेतरी मावशींच्या लाईनला टेकली असेल. जुनी घरं, एकाला एक चिकटलेल्या भिंती, असं होतं. जगात आधी सैल वायर शोधावी, बाकी सगळं नंतर.

"मी ही दुकानात नेते. नीट होते का बघते. तोवर माझी एक लावून जाते."

"नीट कर. पण नवीन नको आणूस हं." त्यांनी बॅटरीवर हात ठेवला, मांजरावर ठेवावा तसा. "हीच हवी."

४

बॅटरी जिवंत करायची म्हणजे घाई करून चालत नाही. आधी सोड्याच्या पाण्याने टोकं धुतली. हिरवट बुरशी निघाली, खालून शिसं चमकलं. खणांत डिस्टिल्ड पाणी घातलं, प्लेटा बुडतील एवढंच. मग अगदी मंद चार्ज लावला. जोराचा करंट दिला तर आजारी प्लेटा वाकतात, गरम होतात, आणि चार्ज होताना जो गॅस सुटतो तो एका ठिणगीने पेट घेतो. आमच्या दुकानात म्हणूनच पंखा कायम बाहेर हवा फेकतो आणि काडेपेटी उंबऱ्याच्या आत येत नाही.

तीन दिवस. चौथ्या दिवशी नळी बुडवली तर अकराशे पस्तीस.

"टाक भंगारात," बाबा म्हणाले. "हिच्यात काही उरलं नाही."

तरी मी एक दिवा जोडून पाहिला. चौथ्या मिनिटाला तो लाल झाला आणि विझला. मला उगाचच बरं वाटलं. म्हणजे बॅटरी साधीच होती, मेलेलीच होती. गडबड घराच्या वायरिंगमध्ये होती, आणि वायरिंग दुरुस्त करता येतं.

त्याच दुपारी धाकट्या मावशी स्वतः दुकानात आल्या. चालत. घामाघूम.

"आमची दे."

"मावशी, ती गेलेली आहे. माझी चांगली चाललीय ना?"

"चाललीय. तासाभरात दोन दिवे खाली येते, जशी यायला हवी तशी." त्यांनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पण घर फार गप्प झालंय गं."

बाबांनी मान वर केली. "म्हणजे आधी गप्प नव्हतं?"

मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

मला वाटलं, एकटीचं मन आहे. आणि खरं सांगायचं तर मलाही कोडं सोडवायचं होतं. बॅटरी गाडीत चढवली.

५

दुसऱ्या दिवशी बरोबर दोनला वीज गेली. मी तयारीत बसले होते. घरातला प्रत्येक दिवा, प्रत्येक पंखा बंद. बाहेरून येणारी मुख्य लाईन मी खटका पाडून तोडली होती, शेजारची वायर कुठे टेकत असलीच तर कळावं म्हणून. बॅटरीच्या जाड वायरीला मीटरचा चिमटा लावला. करंट कुठल्या दिशेला वाहतो ते हा मीटर दाखवतो. बॅटरीतून बाहेर गेला तर साधा आकडा, आत आला तर आकड्याआधी वजाची खूण.

शून्य. शून्य. शून्य.

मधल्या खोलीत मावशींचा डोळा लागला होता.

दोन वाजून दहा मिनिटांनी इन्व्हर्टर घुमायला लागला. बराच वेळ एका सुरात, मग थांबला. पुन्हा लांब सूर. पुन्हा थांबला. एखादं यंत्र चालू-बंद व्हावं तसा. मी मीटरकडे पाहिलं. वजा तीन. सूर थांबला, शून्य. सूर सुरू, वजा चार.

करंट बॅटरीत शिरत होता. वीज नव्हती. लाईन तोडलेली होती. मी इन्व्हर्टरचा खटकाही बंद केला. काहीच फरक नाही. उरलेल्या फ्यूज काढून फरशीवर मांडल्या. घूंघूं चालूच.

चिमटा उलटा लागला असेल म्हणून काढून फिरवून लावला. आता वजाची खूण गेली, म्हणजे दिशा तीच होती. मीटर बरोबर होता.

मी बाबांना फोन लावला. "बाबा, जरा ऐका. कशाचा लोड आहे सांगा." आणि फोन इन्व्हर्टरजवळ धरला.

ते खूप वेळ ऐकत होते.

"मोटर आहे," ते म्हणाले. "शिलाईची."

"सगळं बंद आहे, बाबा. आणि मोटर करंट खाते, देत नाही. इथे आत येतोय."

"ते मला माहीत नाही. मी ऐकतोय ते सांगतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "एका दमात शीव मारतेय बघ. थोरली मारायची तशी. तू बाहेर ये, पोरी."

मी मागच्या खोलीकडे पाहिलं नाही. दार अर्धं लोटलेलं होतं. मी फ्यूज परत बसवल्या आणि चार वाजेपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहिले. चारला वीज आली. आत जाऊन नळी बुडवली.

अकराशे ऐंशी.

६

नंतरचे दहा दिवस मी रोज साडेतीनला जात राहिले; चार वाजेपर्यंत पायरीवर, मग आत. स्वतःला सांगायचं, नोंद ठेवतेय. बाराशे. बाराशे वीस. बाराशे पस्तीस. प्लेटांवरचा पांढरा थर विरघळत चालला होता. इतकी सुंदर सुधारलेली बॅटरी मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

आणि मावशी उतरत होत्या. हा शब्द मला त्या वेळी सुचला नाही, सुचू दिला नाही. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. पाचव्या दिवशी दार उघडायला त्यांना भिंतीचा आधार लागला. डॉक्टर येऊन गेले, रक्त तपासलं, सगळं ठीक म्हणाले.

"मावशी, दुपारी माझ्याकडे येऊन बसत जा."

"नको गं. दुपारची झोप इतकी गोड लागते म्हणून सांगू." चेहरा हाडांना टेकला होता पण डोळे लहान मुलीसारखे. "डोळा लागला की तिघी असतो. ढीगभर गणवेश पडलेले असतात आणि थोरली ओरडतेय, हात चालव, हात चालव. मी म्हणते, अगं चालवतेय की! उठते तेव्हा हात दुखत असतात. खरंच."

"बॅटरी बदलू या."

"बदललीस तर त्या जातील." हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं. "चार वर्षं, ढापणे. सकाळी एक कप धुवायचा, संध्याकाळी एक. तुला नाही कळायचं."

कळत होतं. तेच वाईट होतं. त्या घरातला तो आवाज मलाही हवा होता. पायरीवर बसून मी तो रोज ऐकत होते, कुणाला सांगत नव्हते. अलीकडे त्यात दुसरं मशीनही मिसळलं होतं. थोडं शिवणारं, थांबणारं.

७

अकराव्या दिवशी मी पावणेतीनला गेले. बाबांनी पाठवलं. "आज आवाज चालू असताना आत जा. चारनंतर नको," एवढंच म्हणाले.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि नाकाला वास झोंबला, सडक्या अंड्याचा. बॅटरी मर्यादेपलीकडे चार्ज होऊन उकळते तेव्हा येतो तो. जिन्याखाली बॅटरीच्या दोन्ही बाजू फुगल्या होत्या. झाकणांतून वाफ. वरून हात धरला तर धग लागली. आणि इन्व्हर्टर घुमत होता, थांबत नव्हता, सूर एकात एक मिसळलेले.

मी सगळ्या खिडक्या उघडल्या. मग मावशींकडे धावले. पलंगावर कुशीवर झोपलेल्या. हाक मारली, गालावर थापट्या मारल्या. अंग गार. श्वास होता, पण इतका वरवरचा की पदर हलत नव्हता. बगलेत हात घालून त्यांना ओढलं. दाराच्या दिशेने दोन पावलं गेले आणि घूंघूं चढली. आणखी एक पाऊल, ती आणखी चढली आणि जिन्याखाली प्लास्टिक कडकडलं. मी थांबले. आवाज उतरला. मागे आणून पलंगावर ठेवलं, आणखी उतरला.

वायर सोडायची, एवढंच उरलं होतं. पण लोड चालू असताना वायर सोडली की ठिणगी पडते. घरभर तो गॅस. पहिल्या ठिणगीला बॅटरी फुटली असती, अॅसिडसकट, आमच्या दोघींवर. इन्व्हर्टरचा खटका बंद करून काही होत नाही, हे मी पाहिलंच होतं. लोड थांबवायला हवा होता, आणि लोड मागच्या खोलीत होता.

मी त्या दारापर्यंत कशी गेले, आठवत नाही. दार आत ढकललं.

खिडकी बंद होती. पहिल्या दोन मशीनांवरच्या चादरी खाली पडल्या होत्या. पहिल्या मशीनचा सुईपाशी असतो तो छोटा दिवा लागला होता. त्याची वायर खाली पेडलवर गुंडाळलेली, पहिल्या दिवशी पाहिली होती तशीच. दिव्याच्या त्या वाटीएवढ्या उजेडात निळं कापड पुढे सरकत होतं आणि त्यावर दोन हात होते. कापड ताणून धरणारे, बोटाला सुई टोचू नये म्हणून घालतात ते टोपण घातलेले. मनगटापर्यंत दिसत होते. त्यामागे अंधार होता आणि त्या अंधाराला आकार होता. मी नजर वर नेली नाही. दुसऱ्या मशीनपाशी कुणीतरी दातांनी दोरा तोडला.

माझ्या तोंडून आपोआप वाक्य निघालं. बाबा या घरात वायरिंगचं काम करायचे तेव्हा याच दारात उभं राहून म्हणायचे ते.

"बायांनो, पाय उचला. लाईनवर काम करायचंय."

कापड सरकायचं थांबलं. पेडलवरून पाय उचलल्याचा खट्ट आवाज आला. मग दुसरा खट्ट. मी वळणार, तेवढ्यात भिंतीकडच्या मशीनवरून, जे धाकटीचं होतं, ज्याच्यावर चादर तशीच होती, तिसरा खट्ट आला.

जिन्याखाली शांतता होती. मी काळी वायर सोडली. ठिणगी नाही. लाल सोडली. मधल्या खोलीत मावशींनी बुडणारं माणूस वर येऊन घेतं तसा श्वास घेतला आणि खोकायला लागल्या.

८

बॅटरी अंगणात नेऊन ओल्या पोत्यावर ठेवली. चारला वीज आली. मावशींना पाणी पाजलं, अंगावर दोन पांघरुणं घातली. अर्ध्या तासाने त्यांना बोलता आलं.

"तू त्यांना काय सांगितलंस?"

"थांबा म्हटलं."

"आणि थांबल्या?" त्या मिचमिच्या डोळ्यांनी बघत राहिल्या. "माझं कधी ऐकलं नाही मेल्यांनी."

मग त्या उठल्या. मी नको नको म्हणत असताना भिंत धरत मागच्या खोलीत गेल्या. मी दिवा लावला. खोलीत कुणी नव्हतं. पहिल्या मशीनखाली सुई रुतलेली, आणि तिच्याखाली निळ्या कापडाचा गाऊन. गणवेशाच्या उरलेल्या ताग्यातला. एक बाही लावलेली, दुसरी अर्धी.

मावशींनी सुई वर घेतली, गाऊन काढला आणि अंगाला लावून पाहिला. जाणकार बाईसारखा खांद्यावर, छातीवर, कमरेवर. त्या दिवशीच्या त्यांच्या खंगलेल्या अंगालाही तो किंचित घट्टच होता.

"अजून दोन दिवस," त्या म्हणाल्या. "दोन दिवसांनी नेमका बसला असता. थोरली अंदाज घेऊन बेतते."

"माप कधी घेतलं त्यांनी?"

मावशींनी कापडाची शीव चाचपली.

"रोज दुपारी झोपेत कुणीतरी पाठीवरून हात फिरवायचं. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. मला वाटायचं, मायेने."

"मायेनेच असेल, मावशी."

"मायेनेच," त्या म्हणाल्या. "म्हणून तर भीती वाटते."

त्यांनी कात्री मागितली. मला वाटलं कापून टाकतील. त्यांनी तसं केलं नाही. खुर्चीत बसून एकेक टाका उसवला, संध्याकाळ होईपर्यंत, कापडाला जराही इजा न करता. तुकडे घडी घालून कपाटात ठेवले आणि म्हणाल्या, "उसवलं की पुन्हा माप घ्यावं लागतं. आणि मी आता दुपारची झोपणार नाही."

९

त्या घरात मी नवी बॅटरी लावली. ती जशी उतरायला हवी तशी उतरते. जुनी भंगारवाला घेऊन गेला. जाण्याआधी मी नळी बुडवली होती. अकराशे तीस.

दोन ते चार मावशी आमच्या दुकानात येऊन बसतात. बाबांच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकली आहे. दोघं जुन्या गल्लीतली माणसं एकेक करून आठवतात, कोण कुठे राहायचं यावरून भांडतात. मावशींच्या बांगड्या मनगटावर परत आल्या आहेत. मी काम करता करता लक्ष ठेवते आणि डोळे जड झालेले दिसले की काहीतरी विचारते. बटण कुठल्या दोऱ्याने लावू? काज किती रुंद हवं? त्या चिडून उत्तर देतात.

काल एक गिऱ्हाईक आलं आणि माझं लक्ष गेलं. वळून पाहिलं तर बाबा पेंगत होते आणि मावशींची मान पुढे झुकली होती. पाठ माझ्याकडे. त्यांच्या पाठीवरचं कापड डाव्या खांद्यापाशी हलकेच दबलं. मग तो दाब सावकाश सरकायला लागला, उजवीकडे, चुण्या साफ करत.

हातातला पाना टाकून मी धावले आणि त्या जागेवर माझा हात ठेवला, पूर्ण तळवा, घट्ट. तिथे काही नव्हतं. फक्त त्यांची पाठ, आणि आत श्वास.

मावशींनी डोळे उघडले नाहीत. झोपेतच जराशा मागे रेलल्या, माझ्या हातावर भार टाकून.

"थोरले," त्या म्हणाल्या, "आज हात गरम आहेत गं तुझे."